पोरीचं नाव काढलं

एक करून पाहा. आज दिवसभर कुणी काही विचारलं, की 'हो' म्हणायच्या जागी 'या' म्हणायचं. बाकी भाषा तुमचीच ठेवा, फक्त हा एक शब्द बदला. सकाळी गवळी दारात येऊन विचारील, "आज अर्धा शेर जास्ती घालू?" तुम्ही म्हणा, "या." तो बिचकत वहाणा काढील आणि आत येऊन बसेल. शेजारीण कुडापलीकडून विचारील, "भात झाला का?" म्हणा, "या." तिला वाटेल, जेवायला बोलावलं. मग एखादं जिव्हाळ्याचं माणूस ओट्यावर टेकून म्हणेल, "बसू का जरा?" पुन्हा म्हणा, "या." ते माणूस मुकाट्यानं उठून चालू लागेल, कारण आपल्याकडे निघालेल्या माणसालाही 'या'च म्हणतात. दिवस मावळेपर्यंत नको ती माणसं घरात बसलेली असतील, हवी ती निघून गेलेली असतील, आणि तुमचं काय चुकलं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. उलट, बाई मोठी अगत्यशील आहे, असंच म्हणतील.

तय्यबानं हे हौसेनं केलं नव्हतं. ती जन्मली केप टाउनला. तिचा बाप आपल्या कुलाबा जिल्ह्यातलाच, आगबोटीवर खलाशी म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. आई तिकडची, मलायी मुसलमान. तय्यबा लहान असतानाच बाप वारला, त्यामुळे बापाची बोली घरात रुजायची राहून गेली. घरात, गल्लीत, मशिदीच्या ओट्यावर सगळीकडे तिकडची डच वळणाची बोली, आणि त्या बोलीत 'या' म्हणजे 'हो'. माणूस दिवसातून किती वेळा हो म्हणतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. बाकीचे शब्द परके म्हणून जपून वापरता येतात. हो मात्र विचार करायच्या आधीच तोंडातून निघून जातं.

तिचा नवरा हारून खालापूर तालुक्यातल्या उंबरपाड्याचा. केपला शिंपीकाम करायचा. लग्नाला दहा-बारा वर्षं होत आली तेव्हा गावाहून सांगावा आला, की म्हातारी अंथरुणाला खिळली आहे आणि मुलाचं तोंड पाहायचं म्हणते. हारूननं शिवणयंत्र एका मित्राच्या हवाली केलं आणि बायको व मुलगी नफिसा यांना घेऊन बोटीत बसला. तेव्हा सन पंचवीस संपत आलं होतं. नफिसा आठ वर्षांची होती.

मुंबईहून गाडीनं कर्जत, तिथून खोपोलीची छोटी गाडी, पुढे बैलगाडी. वाटेत जो तो तय्यबाला एकच वाक्य ऐकवत होता. आपल्या मुलखात आलीस हो. बोटीवरच्या बायका म्हणाल्या, कर्जतच्या फलाटावर पाण्याची घागर घेऊन उभा असलेला भिश्ती म्हणाला, उंबरपाड्याच्या मोहल्ल्यातल्या तर झाडून सगळ्या म्हणाल्या. तिला मात्र इथलं काहीच आपलं वाटत नव्हतं. पाय पोटाशी घेऊन चुलीपुढे बसायचं, नदीवर धुणं आपटायचं, पुरुष समोर आला की दाराआड सरकायचं. केपला तिच्या गल्लीत संध्याकाळी दिवे लागायचे. इथे घराच्या मागच्या अंगाला उभं राहिलं, की खोपोलीच्या वर डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ दिसायचे. त्या पाण्यावर मुंबईचे दिवे जळतात, असं हारूननं तिला अभिमानानं दाखवलं. तेच पाणी वीजघरातून सुटून पाताळगंगेतून तिच्या दारावरून वाहायचं, ऐन उन्हाळ्यातसुद्धा, आणि ती चिमणीची काच राखेनं पुसत बसायची.

म्हातारी महिन्याभरात गेली. आता परतायचं, असं तय्यबानं मनात धरलं होतं. पण तिकडचे कायदे तेव्हा आवळत चालले होते. हारूनला स्वतःला परत उतरता येणार होतं, तेही मुदतीच्या आत गेला तर. बायको-पोरीची कागदपत्रं मात्र तिकडे जाऊन नव्यानं करावी लागणार होती. वर्षभरात बोलावतो, दीड वर्ष म्हणजे फार झालं, असं तो म्हणाला. त्यावर तय्यबानं त्याच्याशी एकाच गोष्टीवरून वाद घातला. राहायला ती तयार होती, पण पोरीची शाळा मोडता कामा नये. केपला नफिसा मिशनच्या शाळेत जायची आणि तिची बाई म्हणायची, हिला शिकवलंत तर ही एक दिवस माझ्या खुर्चीत बसेल. तय्यबाची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती. परक्यांच्या घरी कपडे धुता-धुता तिनं त्या खुर्चीचं चित्र पुष्कळदा रंगवलं होतं.

हारूनचा थोरला भाऊ रज्जाक घरचा कर्ता. विधुर होता, मूलबाळ नव्हतं. त्याचा धंदा गवताचा. दिवाळी झाली, की ठाकरवाड्यांतली माणसं लावून माळरानं कापायची, गवताच्या गाठी बांधायच्या आणि कर्जतहून गाडीनं मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या. माणूस वाईट नव्हता. तय्यबाला तो कधी उणा शब्द बोलला नाही. पण मुलांच्या शाळेत मुलगी बसवायची हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी हारूननं त्याचे पाय धरले, तेव्हा तो म्हणाला, "ठीक हाय. तिचं नाव शाळंत हाय तवर मी मधे पडणार नाय. हा माझा शब्द." हारूननं तो शब्द बायकोला तिच्या बोलीत समजावून सांगितला. तय्यबानं तो घोळून घोळून पाठ केला. मग हारून ओट्यावरून उतरला, आणि इथल्या रीतीप्रमाणे "येतो" म्हणाला.

शाळा गावाच्या वरच्या अंगाला, मारुतीच्या देवळामागे. मास्तर टिपणीस नावाचे, अलिबागेकडचे, शांत माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझंच नाव नफिसा का गं?" आणि नफिसा उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "या, मास्तर."

वर्ग खो खो हसला. मास्तर म्हणाले, "मी आलेलाच आहे, बाळ. आता तू ये."

तेव्हापासून पोरं तिला 'या-या' म्हणू लागली. वाटेत भेटली, की कमरेत वाकून, "या बसा, या-याबाई, पान खाणार?" नफिसा पहिले काही दिवस रडत आली. मग एके दिवशी तिनंच एकाला उत्तर दिलं, "बसते, पण आधी तुझं नाक पूस." हे वाक्य तिला आवडीनं शिकवलं होतं.

आवडी म्हणजे डोंगराखालच्या ठाकरवाडीतली बाई. एक दिवसाआड लाकडाची मोळी घेऊन यायची, मोळी टाकली की अंगणात पाय पसरून बसायची आणि पाणी प्यायची. मोहल्ल्यातल्या बायका तय्यबाशी बोलायच्या त्या हातवारे करून, मोठमोठ्यानं, जणू ती बहिरी आहे. आवडीला तेवढी घाई नसायची. ती एक वस्तू हातात घ्यायची, नाव सांगायची, आणि तय्यबा चुकली की पोट धरून हसायची. त्यामुळे तय्यबाची मराठी झाली ती ठाकरवाडीची. मोहल्ल्यात ती बोलली, की बायका एकमेकींकडे बघायच्या. रज्जाक तर म्हणायचा, "घरात आफ्रिका आणली, तिची ठाकरीण झाली." म्हणायचा हसूनच. 'हो' मात्र आवडीलाही तिच्या तोंडी बसवता आलं नाही. सांगून सांगून थकली बिचारी.

नफिसाला मास्तरांनी आधी बाराखडीच्या पोरांत बसवलं. ती डोकंभर उंच, भोवती सगळी नाक गळणारी. पण केपला शिलिंग-पेन्सचे हिशेब केलेली पोर, तिला पावकी-निमकी किती दिवस पुरणार? मास्तर तिला वरच्या इयत्तेत ढकलत गेले. तिसऱ्या पावसाळ्यात ती आपल्या वयाच्या मुलांबरोबर बसली आणि हिशेबात त्यांच्या पुढे गेली. संध्याकाळी ती चुलीशी बसून पाढे म्हणायची आणि तय्यबा भाकरी थापत त्या तालावर मान हलवायची. अर्थ कळायचा नाही, पण अडखळली की कळायचं.

एकदा आवडीनं ते ऐकलं. म्हणाली, "ही पोर नाव काढील गं बाय."

तय्यबानं विचारलं, नाव काढील म्हणजे काय? आवडीनं चारी दिशांना हात फिरवला. "म्हंजे हिकडं, तिकडं, पार कर्जतापर्यंत मानसं म्हनतील, कुनाची गं ही पोर? असं. बापाचं नाव काढील, तुजं काढील."

तय्यबाला तो शब्द फार आवडला. तिनं तो रज्जाकच्या शब्दाशेजारी ठेवून दिला. पुढे मोहल्ल्यात कुणी नफिसाचं विचारलं, की ती मोठ्या तोऱ्यात सांगायची, "नाव काढील." बायकांना तिच्या तोंडून इतकी शुद्ध मराठी ऐकून नवल वाटायचं. इतकंच एक वाक्य तिला अगदी बिनचूक यायचं, आणि घात त्यानंच केला.

अठ्ठावीस सालच्या दसऱ्याच्या सुमाराला नफिसाला हिवताप आला. एक दिवस सोडून थंडी वाजायची, पांघरुणावर पांघरुणं घातली तरी दात वाजायचे. खालापूरच्या दवाखान्यातला कडू, पाल्याच्या रंगाचा डोस, वर आवडीनं आणलेला काढा. पंधरवडा गेला, महिना गेला. ताप उतरायचा, पोर उठून बसायची, पाटी मागायची, आणि पुन्हा थंडी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा केव्हाच सुरू झाली होती.

अशात एके सकाळी टिपणीस मास्तर घरी आले. रज्जाक ओट्यावर बसून विळ्यांच्या मुठी ठोकत होता. गवताचा हंगाम तोंडावर आला होता, माणसं लावायची होती, त्यांच्या भाकऱ्या कोण थापणार ही त्याला विवंचना होती. मास्तर उभ्यानंच म्हणाले, मुलगी फार दिवस गैरहजर आहे, वरून तपासणी यायची आहे, तेव्हा घरच्यांचा काय विचार आहे तेवढा सांगा. रज्जाकनं हातोडी थांबवली नाही. त्यानं आपला शब्द पाळला. म्हणाला, "पोरीच्या शाळंचं तिच्या आईकडं. तिला इचारा."

तय्यबा दाराशी आली. डोक्यावरची ओढणी पुढे ओढून, अर्धी दाराआड. मास्तर घरी आले म्हणजे पोरीची चौकशी करायला आले, एवढं तिला उमजलं आणि ती सुखावली.

मास्तर सरळ मनाचे. दुखऱ्या गोष्टीआधी दोन बरे शब्द बोलावेत, अशा वळणाचे. ते म्हणाले, "बाई, मुलगी तुमची हुशार आहे. हिशेबात तिच्या तोडीचं वर्गात कुणी नाही." 'हुशार' हा शब्द तय्यबाला ठाऊक होता. हिशेबही ठाऊक होता. मग मास्तर जरा घुटमळले आणि त्यांनी विचारलं, "तर मग काय, तिचं नाव काढायचं का?"

तय्यबाचा चेहरा उजळला. हुशार, हिशेब, नाव काढायचं. परक्या मुलखात आल्यापासून कुणी पुरं वाक्य बोललं आणि तिला ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कळलं, असं त्या दिवशी प्रथमच झालं होतं.

"या, या," ती म्हणाली. "काढा, मास्तर. नाव काढा."

आणि ती लगबगीनं आत गेली. केपला कुणी मुलाचं कौतुक केलं, की त्याचं तोंड गोड करायची तिच्या आईची रीत होती. दुसरं काही घरात नव्हतं, म्हणून तिनं डब्यातली साखर मुठीत घेतली, बाहेर आली, ओढणी घसरली त्याचंही भान ठेवलं नाही, आणि मास्तरांच्या हातावर साखर ठेवली. मास्तर हातातल्या साखरेकडे बघत राहिले. रज्जाकची हातोडी थांबली. क्षणभर अंगणात नुसत्या चिमण्या ऐकू येत होत्या. मग हातोडी पुन्हा सुरू झाली.

"बाई, म्हणजे तुमचं..." मास्तरांनी तोंड उघडलं.

"या, या," तय्यबा हसून म्हणाली.

निघायला सांगितल्यावर माणूस किती वेळ उभा राहील? मास्तरांनी साखर तोंडात टाकली, हात झटकले, "येतो" म्हणाले आणि गेले.

आठवड्यानं नफिसाचा ताप मोडला. तय्यबानं तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, पाटी घासून दिली. पोर गेली आणि उन्हं अंगणात यायच्या आत परत आली. पाटी तिनं छातीशी धरली होती. मास्तरांनी हजेरीत माझं नाव घेतलं नाही, असं ती तिच्या केपच्या बोलीत म्हणाली. मी विचारलं तर म्हणाले, तुझं नाव काढलं.

तय्यबा हसली. म्हणाली, अगं मग चांगलंच आहे की. नफिसाला आता इथली भाषा आईपेक्षा जास्त कळत होती. पाटी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवून ती ताट घासायला बसली.

आवडी मोळी टाकून पाणी पीत होती. तिनं दोघींचं बोलणं ऐकलं, नफिसाला दोन प्रश्न विचारले, आणि तिचा चेहरा उतरला. तय्यबानं विचारलं, काय झालं? आवडीनं मोळीतली एक काटकी उपसली आणि लांब अंगणाच्या कडेला फेकली.

"असं," ती म्हणाली. "आता ती मोळीत नाय."

"पण तूच म्हणालीस, नाव काढील."

"ते येगळं गं बाय. पोरीनं काढलं तर चांगलं. मास्तरानं काढलं तर वंगाळ."

तय्यबा खाली बसली. आवडीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दुपारी तय्यबा रज्जाकपुढे जाऊन उभी राहिली. दाराआड नव्हे, समोर. मोडक्या-तोडक्या भाषेत तिनं सांगितलं, मला समजलं नाही, मला वाटलं मास्तर चांगलं बोलले. नाव पुन्हा घाला. रज्जाक शांतपणे ऐकून घेत होता. त्याचा आवाज चढला नाही. तोच चढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"मी हारूनला शब्द दिला व्हता," तो म्हणाला. "नाव हाय तवर मधे पडणार नाय. पडलो का मी? तू तुझ्या तोंडानं काढलंस. साखर वाटलीस. आता मी मास्तरकडं जाऊन काय सांगू, आमच्या घरची बाई खुळी हाय म्हणून?"

"सांगा," तय्यबा म्हणाली. "खुळी सांगा."

रज्जाकनं मान हलवली. घरच्या बाईची अशी अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही, हे त्याचं मत. आणि गवताची माणसं परवापासून येणार होती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः शाळेत गेली. आवडीला बरोबर घेतलं, कारण आपल्याला एखादा शब्द कळला नाही तर ही हात धरील. वाटभर ती एकच वाक्य घोकत होती, माझ्या मुलीचं नाव परत घाला. देवळामागे आवडी बाहेरच थांबली, शाळेत शिरायला तिला संकोच वाटला. तय्यबा एकटी दारात गेली. पोरं गप्प झाली. कुणीही "या-या" म्हणालं नाही, आणि त्या गप्प बसण्याचीच तिला भीती वाटली. तिनं वाक्य म्हणून दाखवलं. न चुकता म्हटलं.

मास्तर खुर्चीवरून उठून बाहेर आले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते सावकाश, तिला समजेल असं बोलले. नाव घालायला पालकाला यावं लागतं. वडील परदेशी, तेव्हा पालक रज्जाकमियां. त्यांनी येऊन सही केली, की आजच्या आज घालतो.

"मी आई," तय्यबा म्हणाली.

"खरं आहे, बाई. पण नियम तसा आहे."

ती तशीच उभी राहिली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. मग ती म्हणाली, "काढायला माझं चाललं. घालायला का नाही?"

वीजघरातल्या मोठ्या नळांवर एकाच बाजूला उघडणारी झडप बसवलेली असते. पाणी त्या बाजूनं आलं तर ती आपसूक वाट देते, उलटं यायला लागलं तर आपसूक मिटते. झडपेचा पाण्यावर राग नसतो. टिपणीस मास्तरांचाही कुणावर नव्हता. त्यांनी एवढं मात्र केलं, की संध्याकाळी वाट वाकडी करून ते रज्जाककडे गेले. रज्जाकनं त्यांना चहा पाजला, गवताच्या भावाबद्दल बोलला, आणि पुढच्या जूनमध्ये बघू म्हणाला.

त्या हंगामात नफिसा भाकऱ्या थापायला शिकली. तय्यबा परातीत पीठ मळायची, पोर थापायची, आणि पोशा नावाचा रज्जाकचा मुकादम टोपलं उचलून रानात न्यायचा. तय्यबानं हारूनला कळवलं. त्याचं उत्तर आलं तेव्हा माळरानं कापून मोकळी झाली होती. त्यानं भावाला लिहिलं होतं, जे घडलं त्याबद्दल वाईट वाटलं, भाईजान सांगतील ते बरोबर असेल. बोलावण्याचं मात्र त्यात काही नव्हतं. पुढेही आलं नाही. केपला म्हणे कामं बसली होती, आणि कागदांचं काम तर त्याहून बसलं होतं. जून आला तेव्हा रज्जाक म्हणाला, आता पोर मोठी झाली. एवढंच म्हणाला. त्यापुढे तय्यबाजवळ वाक्य नव्हतं.

तिनं घरी शिकवायचा प्रयत्न केला. केपहून आणलेलं इंग्रजीचं पहिलं पुस्तक काढलं. ते नफिसानं आठव्या वर्षीच वाचून टाकलं होतं. आईचं मन राखायला ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली, आणि तय्यबानंच ते मिटवलं.

नफिसा पंधराची झाल्यावर भिसेगावात दिली. माणसं बरी होती. नवऱ्याचं कर्जत स्टेशनाजवळ किराण्याचं दुकान. शाळेचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. आईला दोष दिला नाही, की त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही. आईशी बोलताना ती आता मराठीच बोलते. केपची बोली विसरले म्हणते. तय्यबाला ते खोटं वाटतं, पण खोटं आहे असं म्हणायचीही तिला भीती वाटते. पुढे नफिसाला मुलगी झाली, तेव्हा बारशाला जमलेल्या बायकांत कुणीतरी म्हणालं, आजीचं नाव काढील हो. सगळ्या हसल्या. नफिसानं तेवढं बाळ उचललं आणि आतल्या खोलीत गेली.

टिपणीस मास्तर तय्यबाला मग एकदा कर्जतच्या फलाटावर भेटले. त्यांची बदली तिकडे झाली होती. त्यांनी ओळखलं, थांबले, मुलीची विचारपूस केली. तय्यबाला तोवर मराठी चांगली यायला लागली होती. तिनं सरळ विचारलं, मास्तर, त्या दिवशी तुम्हाला शंका आली नाही? मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, आली होती, बाई. साखर पाहून आली होती. मी विचारायला तोंड उघडलं, तर तुम्ही 'या' म्हणालात. शाळेत पहिल्या दिवशी मुलगी तसं म्हणाली होती, ती मी नवखेपणाची चूक समजलो होतो. घरच्या बाईनं या म्हटल्यावर मी उभा कसा राहणार? तय्यबानं मान डोलावली. त्यांचं उत्तर तिला पटलं. ज्याला तिची बोली ठाऊक नाही, त्याच्याकडून दुसरं काय होणार होतं? त्या दिवसापासून तिनं 'या' म्हणणं सोडलं. आता ती हो म्हणते, जरा जोर देऊन, दाराला कडी घालावी तसं.

पण रज्जाकला तिची बोली ठाऊक होती. तीन वर्षं एका छपराखाली राहून तिचा 'या' म्हणजे हो, हे तो पक्कं ओळखून होता. उलट गवळी घरात येऊन बसला, की तोच हसून सांगायचा, अरे, ती हो म्हणाली, तू घाल दूध आणि जा. इतरांची चूक तो रोज दुरुस्त करायचा.

आता तो थकला आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेत, गवताचा धंदा पोशाच्या हवाली केला आहे. दिवसभर ओट्यावर बसलेला असतो. तय्यबा त्याला वेळेवर जेवू घालते, हात धरून नदीपर्यंत नेते. तोही तिला जपतो. ईदला पहिलं लुगडं तिच्यासाठी घेतो. मोहल्ल्यात सांगतो, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं हिनं केलं. तिलाही त्याच्यावाचून या घरात दुसरं माणूस नाही. म्हणून ती त्याच्यापुढे ताट ठेवते, पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी सरकवते, आणि तयार असलेलं वाक्य गिळून आत जाते. मराठी आता पक्की आहे. एक शब्द चुकणार नाही.

भाईजान, शाळेतून पोरीचं नाव काढणारी आई कधी साखर वाटते का? तुमची हातोडी थांबली होती. मग तुम्ही ती पुन्हा का सुरू केलीत?